साशिको शिकताना: सरळ रेघेपासून पहिल्या फुकिनपर्यंत

साशिको म्हणजे कापडाला टाके घालून ते जाड आणि टिकाऊ करणारं जपानी हातशिवण. त्यात टाका एकच, आणि तो तुम्हाला येतो. सुई खाली, सुई वर: आपला धावदोरा. साखळी, काश्मिरी, गाठीचा असले टाके इथे शिकायचे नसतात. त्यामुळेच पुष्कळजण निळ्या कापडावरची पांढरी नक्षी पाहतात, ‘आसानोहा’ ही ताऱ्यांची नक्षी छापलेला किट मागवतात आणि थेट तिथूनच सुरुवात करतात. चार रात्रींत कापडाला चुण्या पडतात, कोपरे ओढले जातात, आणि किट कपाटात जातो. टाका सोपा असतो, पण हात अजून बसलेला नसतो. हात बसवायचा क्रम असा: आधी सरळ रेघ, मग चौकटीवरची नक्षी, आणि सगळ्यात शेवटी तारे आणि लाटा. हा लेख त्याच क्रमाने जातो.

नियम आले कुठून

एदो काळात, म्हणजे साधारण १६०३ ते १८६८ दरम्यान, जपानच्या उत्तरेकडच्या तोहोकू भागात कापूस फारसा पिकत नव्हता. थंडी कडाक्याची, आणि अंगावर अंबाडीसारख्या झाडाच्या वाखाचं, म्हणजे हेंपचं विरळ विणीचं कापड. त्सुगारू संस्थानाने तर १७२४ साली शेतकऱ्यांच्या राहणीवर निर्बंध घातले आणि त्यांना सुती कपडे वापरायला बंदी केली. मग बायकांनी त्या विरळ कापडाची भोकं दोऱ्याने भरून काढायला सुरुवात केली. दोरा भरला की कापड जाड होतं, वारा अडतो, आणि खांदा-कोपर लवकर झिजत नाही. ओसाकाकडून जपानच्या समुद्राच्या काठाने उत्तरेला जाणाऱ्या कितामाएबुने जहाजांतून जुने सुती कपडे आणि चिंध्या यायच्या. त्यांचे थरावर थर ठेवून टाके घातले जात. ठिगळांवर ठिगळं चढून तयार झालेल्या अशा कपड्यांना आज ‘बोरो’ म्हणतात. तोहोकूतल्या आओमोरीचे संग्राहक तानाका चुझाबुरो यांनी असे कपडे आयुष्यभर गोळा केले. त्यांच्या संग्रहातल्या ७८६ वस्तूंना जपान सरकारने १९८३ मध्ये सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. दुसरीकडे एदो शहरात, म्हणजे आजच्या टोक्योत, आग विझवणारे लोक जाड साशिको केलेले अंगरखे घालत आणि ते पाण्याने चिंब भिजवून आगीपाशी जात. चिंब भिजलेलं जाड कापड हेच त्यांचं चिलखत.

हे सांगायचं कारण असं, की पुढे येणारा जवळजवळ प्रत्येक नियम कापड जास्त टिकावं म्हणून आलेला आहे. कारण माहीत असलं की नियम पाठ करावा लागत नाही, आणि कुठे तो मोडला तरी चालेल हेही कळतं.

एक सावधगिरी. शोधायला गेलात तर ‘कोगिन-झाशी’ आणि ‘नान्बू हिशिझाशी’ हेही दिसेल. दोन्ही आओमोरीचे. कोगिन पश्चिमेच्या त्सुगारूचा, हिशिझाशी पूर्वेच्या नान्बूचा. त्यात कापडाचे धागे मोजून फक्त आडवे टाके भरतात. कोगिनमध्ये धाग्यांची संख्या विषम असते, हिशिझाशीत सम. काम देखणं, पण शिस्त वेगळी आणि कापडही वेगळं. पहिल्या महिन्यात दोन्हींची सरमिसळ करू नका.

सामान: कुठे खर्च करायचा, कुठे नाही

दोऱ्यावर खर्च करा. साशिकोचा दोरा सुती, बिनचमकीचा आणि सैल पिळाचा असतो. धुतल्यावर तो फुलतो, आणि टाका तांदळाच्या दाण्यासारखा टपोरा दिसतो. ऑलिंपस आणि दारुमा या जपानी ब्रँडचे दोरे भारतात ऑनलाइन मिळतात. नाहीच मिळाले तर पर्ल कॉटन ८ नंबर चालेल. त्याला चमक असते आणि पीळ घट्ट असतो, पण हात बसवायला काही अडत नाही. भरतकामाचा सहा पदरी दोरा मात्र टाळा. त्याचे पदर टाक्यात सुटे पडतात आणि वापरात खेचले जातात.

सुई लांब हवी, कण्यात ताठ हवी, आणि नेढं दोरा सहज जाईल एवढं मोठं हवं. साशिकोची खास सुई मिळाली तर उत्तम. नाहीतर शिवणसामानाच्या दुकानात रफूची लांब सुई मागा. दाभण नको, त्याने कापडाला भोकं पडतात.

कापडावर खर्च करायची गरज नाही. जपानमध्ये ‘साराशी’ नावाचं साधारण ३४ सेंटिमीटर पन्ह्याचं पांढरं सुती कापड वापरतात. आपल्याकडचं मऊ मांजरपाट किंवा मध्यम विणीची खादी त्याच्या जागी चालते. पॉपलिन आणि चादरीचं दाट कापड नको. वीण इतकी घट्ट असते की प्रत्येक टाक्याला सुई ढकलावी लागते आणि तासाभरात बोटं दुखतात. निळ्या कापडावर पांढरा दोरा सुंदर दिसतो हे खरं, पण पहिलं काम पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर करा. गडद कापडावर आखणं हीच एक वेगळी डोकेदुखी आहे.

अंगुस्ताना दोन प्रकारचा. आपला टोपीसारखा असतो, तो बोटाच्या टोकावर बसतो. साशिकोचा वेगळा: मधल्या बोटाच्या बुडाशी अंगठीसारखा घालायचा, आणि त्याला तळहाताच्या बाजूला एक छोटी चकती असते. सुईचा मागचा भाग त्या चकतीला टेकतो, म्हणजे सुई बोटाने नाही, तळव्याने ढकलली जाते. एका थराच्या मऊ कापडाला याची गरज पडत नाही. दोन थर आले की पडते.

भरतकामाची रिंग घरात असेल तर ती राहू द्या. साशिको रिंगमध्ये करत नाहीत. का, ते पुढे हाताच्या भागात कळेल.

दोरा आणि कापड तयार करणं

जपानी दोरा लडीत येतो. कागदी पट्टी काढा, लड पूर्ण उलगडा, जिथे गाठ बांधलेली असते तिथे सगळी लड एकदाच आरपार कापा. एकसारख्या लांबीच्या धाग्यांचा जुडगा हातात येतो. त्याची सैलसर वेणी घाला आणि लागेल तसा एकेक धागा वरच्या टोकाने ओढून घ्या. हे न करता लडीतून दोरा ओढत बसलात तर अर्धी संध्याकाळ गुंता सोडवण्यात जाईल.

एका वेळी हातभरापेक्षा थोडा जास्त दोरा पुरे. लांब दोरा ओवला की पुन्हा पुन्हा सुई ओवावी लागत नाही हे खरं, पण सैल पिळाचा दोरा कापडातून वारंवार गेला की त्याला लव येते, आणि शेवटचे टाके पहिल्यांपेक्षा मळकट आणि बारीक दिसतात.

कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड आटतं. ते टाके घातल्यावर आटलं तर नक्षीभोवती चुण्या पडतात. रंगीत कापड असेल तर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग लागत असेल तर आणखी एकदोनदा धुवा.

आखणीसाठी फिक्या कापडावर पाण्याने जाणारं निळं पेन सगळ्यात सोयीचं. मात्र धुण्याआधी त्यावर इस्त्री फिरवू नका, रेघ पक्की होते. गडद कापडावर शिंपी वापरतात ती पांढरी पेन्सिल घ्या, किंवा कापडावर ठसे उठवणारा पांढरा कागद ठेवून वरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढा. इस्त्रीच्या उष्णतेने पुसली जाणारी पेनं मला पटत नाहीत. फार थंडीत रेघ परत उमटते, आणि गडद कापडावर कधीकधी फिकट माग राहतो.

हात: सुई स्थिर, कापड हलतं

साशिकोचं खरं शिक्षण इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

आपण नेहमी शिवतो तेव्हा कापड स्थिर धरतो आणि सुई खाली-वर करतो. साशिकोत उलटं. उजव्या हातात सुई अंगठा आणि तर्जनीत आडवी धरायची, टोक डावीकडे. डाव्या हातात कापड. सुई जवळजवळ जागच्या जागी राहते आणि डावा हात कापड बारीक खाली-वर करत सुईवर चढवत जातो. पाच-सहा टाके सुईवर गोळा झाले की सुईवर कापडाची चुणीदार घडी तयार होते. मग दोरा ओढून घ्यायचा. या सुई चालवण्याला जपानीत ‘उन्शिन’ म्हणतात. रिंग का नको ते आता लक्षात येईल: ताणलेलं कापड असं खाली-वर होत नाही आणि सुईवर चढत नाही.

दोरा ओढल्यावर कापड गोळा झालेलं असतं. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने, शिवलेल्या रेघेवरून सुरुवातीकडून शेवटाकडे कापड हलकेच सरकवा, चुणी मोडेपर्यंत. यामुळे दोऱ्यात किंचित ढील राहते. ही ढील हवीच. कापड धुतल्यावर थोडं आटतं, वापरात ताणलं जातं. दोरा आधीच ताठ असेल तर एक तर कापड आकसेल, नाहीतर दोरा तुटेल. दर पाच-सहा टाक्यांनी सरकवायचं, विसरायचं नाही. नवख्यांच्या कामात दिसणाऱ्या चुण्या बहुतेक करून हे न केल्यानेच येतात.

टाका केवढा हवा? रेघांच्या नक्षीत पुढचा टाका ३ मिलिमीटरच्या आसपास, आणि मागचा, म्हणजे दोन टाक्यांमधली जागा, त्याहून थोडी कमी. ढोबळ प्रमाण तीनास दोन. पण कृपा करून टाके मोजपट्टीने मोजत बसू नका. ४ मिलिमीटरचे एकसारखे टाके हे ३ मिलिमीटरच्या वेड्यावाकड्या टाक्यांपेक्षा केव्हाही चांगले दिसतात.

सराव: एका थराच्या मांजरपाटावर १ सेंटिमीटर अंतराने २० सेंटिमीटर लांबीच्या दहा रेघा आखा आणि शिवा. पहिल्या तीन वाकड्या येतील, सातवी-आठवी बऱ्यापैकी. पुरे. या कापडाची पुढे उशीची खोळ करायचा विचार करू नका, ते फेकायचं कापड आहे.

सुरुवात, शेवट आणि वळण

गाठ शक्यतो मारत नाहीत. गाठ मागून टोचते, घासली जाते, आणि विरळ विणीतून पुढेही येते. एका थरावर काम करताना सुरुवातीच्या जागेपासून चार टाके पुढे जा, तिथून उलटं शिवत सुरुवातीपर्यंत या, आणि मग त्याच टाक्यांवरून पुढे निघा. दोरा स्वतःखालीच अडकतो. शेवटीही तसंच: चार टाके मागे या आणि कापा. कापड दोन थरांचं असेल तर आणखी सोपं. सुई दोन थरांच्या मधूनच घाला, टोक आत दडतं.

कोपऱ्यात टाका अगदी कोपऱ्याच्या बिंदूवर संपायला हवा. तो बिंदू दोन टाक्यांमधल्या मोकळ्या जागेत पडला की कोपरा गोल दिसतो. म्हणून कोपऱ्याच्या आधीचे दोन-तीन टाके डोळ्याने अंदाज घेत किंचित लहानमोठे करा.

एका रेघेवरून पुढच्या रेघेवर वळताना मागच्या बाजूला ३–४ मिलिमीटरचा छोटा फास सैल सोडा. कारण तेच, ढील. आणि मागून दोरा न्यायचा झाला तर दोन सेंटिमीटरपेक्षा लांब नेऊ नका. भांडी पुसताना किंवा बाहीत हात घालताना तो अडकतो. त्यापेक्षा दोरा संपवून नवा घ्या.

पहिली नक्षी: हितोमेझाशी

आता मजा. साशिकोच्या दोन मोठ्या शाखा आहेत. ‘मोयोझाशी’त रेघांनी आकृत्या काढतात: लाटा, वर्तुळं, तारे. ‘हितोमेझाशी’त फक्त चौकटी असतात. प्रत्येक टाका एका चौकटीच्या एका बाजूएवढा, आणि नक्षी आपोआप उमटते. नवख्याने इथून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. कोपरा नाही, वळणदार रेघ नाही, आणि चूक झाली तर लगेच दिसते.

१० × १० सेंटिमीटरचा चौरस आखा आणि त्यात ५ मिलिमीटरच्या चौकटी पाडा. आधी सगळ्या आडव्या रेघा शिवा: एक चौकट टाका, एक चौकट मोकळी, पुन्हा टाका. सुई चौकटीच्या कोपऱ्यातच खाली जायला हवी आणि कोपऱ्यातूनच वर यायला हवी. सगळ्या रेघा टाक्यानेच सुरू करा. मग उभ्या रेघाही अशाच, सगळ्या टाक्याने सुरू. पूर्ण झालं की कापडावर सुटे सुटे छोटे चौकोन दिसतील.

आता दुसरा चौरस घ्या. चौकटी त्याच, टाका तोच. फरक एवढाच, की पहिली आडवी रेघ टाक्याने सुरू करा, दुसरी मोकळ्या चौकटीने, तिसरी टाक्याने, असं आलटून पालटून. उभ्या रेघांनाही तसंच. आडव्या रेघा संपेपर्यंत विटांच्या भिंतीसारखं काहीतरी दिसेल, आणि उभ्या शिवायला लागलात की एकेक करून तिरपे जिने चढायला लागतील. कापड उलटून बघा: मागेही जिनेच. पुढचा मोकळा भाग म्हणजे मागचा टाका, त्यामुळे उलटी बाजू सुलट्याइतकीच नीटस येते.

म्हणजे नक्षी ठरते ती रेघ कशाने सुरू करायची एवढ्यावरच. हा क्रम बदलत गेलं की ‘काकिनोहाना’, म्हणजे पर्सिमनचं फूल, अशा कितीतरी आकृत्या निघतात. चौकटीच्या वहीत पेन्सिलीने स्वतःचे क्रम करून बघा. रेघांना क्रमाने शून्य-एक देऊन लिहून काढलं की विसरायला होत नाही. गणिताची आवड असलेली मुलं घरात असतील तर वही त्यांच्याच ताब्यात जाईल.

तिसरा प्रकार ‘जुजिझाशी’. यात रेघा एक सेंटिमीटर अंतरावर घ्या, टाका आणि मोकळी जागा ५–५ मिलिमीटर. उभी रेघ आडव्या टाक्याच्या बरोबर मध्यातून जाते आणि अधिकचं चिन्ह तयार होतं. त्यात पुढे तिरके टाके भरले की ‘कोमेझाशी’, म्हणजे तांदळाची नक्षी.

फुकिन

सराव संपला. आता वापरायची वस्तू. फुकिन म्हणजे जपानी स्वयंपाकघरातलं भांडी किंवा ओटा पुसायचं कापड, आणि साशिको केलेलं असलं की ते ‘हानाफुकिन’. ३६ × ७२ सेंटिमीटर कापड घ्या, मध्ये दुमडून उलट्या बाजूने उघड्या तीन कडा शिवा, एका कडेला सात-आठ सेंटिमीटर जागा सोडा. त्यातून कापड सुलटं करा, कोपरे सुईने हलकेच बाहेर काढा, इस्त्री करा, आणि सोडलेली जागा हाताने बंद करा. मशीन असेल तर पाऊण तासाचं काम. कडेपासून दोन सेंटिमीटर सोडून आत ३० × ३० चा चौरस आखा.

इथे आधीच हिशोब करा. ५ मिलिमीटरच्या चौकटींनी ३० सेंटिमीटरमध्ये ६१ आडव्या आणि ६१ उभ्या रेघा बसतात. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या १२२ रेघा, साडेछत्तीस मीटरहून अधिक वाट. २० मीटरच्या दोन लडी काठोकाठ पुरतील, म्हणून तिसरी हाताशी ठेवा, तीही त्याच रंगाची. वेळही लागेल. टीव्हीसमोर रोज तासभर बसलात तरी काही आठवडे जातील. तेवढा धीर नसेल तर फक्त कडेने चार बोटांची किनार जिन्यांची करा आणि मधला भाग साधा ठेवा. पुसायला तेही कापड तितकंच चांगलं.

मग तारे आणि लाटा

मोयोझाशीत एक तत्त्व: लांब सलग रेघा आधी, आखूड तुकडे नंतर. आसानोहात तीन दिशांनी जाणाऱ्या लांब रेघा असतात, त्या एकेका दिशेने पूर्ण करा. मग उरलेल्या आखूड नागमोडी वाटा. ताऱ्याच्या मध्यबिंदूत बारा रेघा येऊन मिळतात. सगळ्यांचे टाके तिथे एकमेकांवर चढले तर दोऱ्याची गाठोडी होईल, म्हणून मध्यबिंदू मोकळा सोडा. प्रत्येक रेघ त्याच्या अलीकडे थांबते आणि पलीकडे पुन्हा वर येते. मध्ये एक छोटं रिकामं वर्तुळ दिसतं, आणि ते नीट गोल आलं की समजायचं हात बसला. आसानोहा म्हणजे हेंपचं पान. हेंपचं झाड भराभर आणि सरळ वाढतं, म्हणून ही नक्षी जपानमध्ये तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर असायची.

‘शिप्पो’त एकमेकांत गुंतलेली वर्तुळं असतात. ४ सेंटिमीटर व्यासाची वर्तुळं एका ओळीत एकमेकांना टेकवून काढा. पुढची ओळ २ सेंटिमीटर खाली आणि २ सेंटिमीटर बाजूला सरकवून. शिवताना एकेक वर्तुळ पुरं करायला जाऊ नका. पाव वर्तुळ एकाचं, पाव पुढच्याचं, अशा तिरप्या नागमोडी वाटेने कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जा. दोरा कमी वेळा संपवावा लागतो. प्रत्येक पाव वर्तुळात टाक्यांची संख्या सारखी ठेवा, म्हणजे जोड जुळतात. वळणावर टाके जरा लहान घ्या.

जुन्या कपड्यावर

जीन्सचा गुडघा फाटला असेल तर मागून धुतलेल्या सुती कापडाचं ठिगळ लावा, भोकापेक्षा चहूबाजूंनी तीन सेंटिमीटर मोठं. कच्च्या टाक्यांनी ते जागेवर धरा आणि ५–६ मिलिमीटर अंतराने समांतर रेघा शिवा. भोकाच्या कडेवरून पुढे चांगल्या कापडात दोन सेंटिमीटरपर्यंत जा, नाहीतर ओढ पडून शेजारीच नवं भोक पडेल. चौकटींची दाट नक्षी डेनिमवर करू नका, गुडघा वाकणार नाही. आणि चकतीचा अंगुस्ताना इथे लागतोच.

धुणं

आखणी जाण्यासाठी पहिली धुलाई साध्या गार पाण्यात, मग सौम्य साबण. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल ठेवून, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. पुढे रोजच्या वापरात एखादा टाका तुटला तर त्याच्या दोन्ही बाजूंचे तीन-चार टाके उसवा, मोकळी झालेली टोकं थरांमध्ये सारा, आणि चार टाके आधीपासून नवा दोरा त्याच भोकांतून घाला. नवा टाका सुरुवातीला पांढराशुभ्र दिसेल, पाच-सहा धुण्यांत बाकीच्यांत मिसळेल.